काळा बॉल आणि पाण्याचा गिलास

आमच्या घरात आलेली लग्नपत्रिका कधी रद्दीत गेली नाही. ती टेबलाच्या पायाखाली जायची. वणीतून खाणीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं घर, आणि घराची पुढची मोठी खोली, जिथे एकेकाळी कापूस भरत, ती बाबांनी पूलच्या, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या, टेबलाला देऊन टाकली होती. टेबल खाणीच्या साहेब लोकांच्या क्लबातलं. त्यांच्याकडे नवीन आलं तेव्हा जुनं लिलावात निघालं, आणि खाणीच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजण्यात हयात गेलेल्या माझ्या वडिलांनी ते घेतलं. का घेतलं, हे त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. आईच्या मते त्या दिवशी त्यांना ऊन लागलं होतं. हिरव्या कापडाखाली दगडी पाट्या असल्यामुळे ते टेबल हलवणं म्हणजे देऊळ हलवण्यातला प्रकार होता. कोळशाचे ट्रक चालवणारे भाऊसाहेब नावाचे गावातले बडे गृहस्थ होते, त्यांनी आपला एक ट्रक फुकट दिला. फुकट दिलेली गोष्ट माणूस किती वर्षं बोलून दाखवू शकतो, हे मला भाऊसाहेबांमुळे कळलं. "टेबल माह्या ट्रकमधी आलं," हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं, की शाळेत प्रतिज्ञेनंतर तेच म्हणायचं असतं असं मला काही दिवस वाटत होतं.

तर लग्नपत्रिका. टेबलाला सहा पाय होते. त्यातले स्वयंपाकघराच्या भिंतीकडचे दोन पाय जिथे यायचे, तिथली फरशी खालून पोकळ होती. रोज दुपारी तीनच्या सुमाराला खाणीचा भोंगा व्हायचा, आणि भोंगा संपला की ब्लास्टिंग. जमीन हादरायची, फळीवरची भांडी किणकिणायची, आई जिथे असेल तिथून धावत येऊन लोणच्याच्या बरणीवर हात ठेवायची, आणि टेबलाचे ते दोन पाय केसभर खाली बसायचे. केसभर म्हणजे तुम्हाआम्हाला काही नाही. पण पूलमध्ये हळू सोडलेला बॉल एवढ्यानेही वाट सोडतो आणि भिंतीकडे कलायला लागतो. म्हणून रोज सकाळी टेबल सरळ करावं लागायचं. भाऊसाहेबांच्याच ट्रकमधून आमच्याकडे राहून गेलेला एक जॅक होता. त्याने कड जरा उचलायची आणि पायाखाली एक पत्रिका सरकवायची. साधी पत्रिका असली तर एका दिवसाचं काम व्हायचं. भाऊसाहेबांच्या पुतण्याच्या लग्नाची मखमली पत्रिका आली तेव्हा टेबल एकदम उलट्या बाजूला कललं. ती पत्रिका मी फाडून अर्धी वापरली. आता सगळी आमंत्रणं फोनवर येतात, त्यात गणपती नाचतो आणि सनई वाजते, पण त्याने टेबल सरळ होत नाही.

टेबल सरळ झालं की नाही हे पाहायची आमच्या घरची रीत होती. स्टीलचा गिलास पाण्याने काठोकाठ भरायचा आणि टेबलाच्या मधोमध ठेवायचा. पाणी ज्या बाजूच्या काठाला आधी टेकेल, तिकडे उतार. चारी बाजूंना सारखं दिसलं की गिलास उचलायचा, आणि मग पांढरा बॉल या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूच सोडून बघायचा. बाबांना सकाळच्या पाळीला जावं लागे, म्हणून हे काम दहावीत असताना माझ्याकडे आलं आणि मग माझंच झालं. बॉल सोडता सोडता मी तो मारायला शिकले. कुणी शिकवलं नाही. सकाळी सहा ते आठ खोली रिकामी असायची, पलीकडे आई भाकरी थापत असायची, आणि मी एकटी त्या हिरव्या कापडावर वाकलेली असायची. त्या दोन तासांत मी जितकी सुखी होते तितकी नंतर फार क्वचित झाले. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण मुलीने सकाळच्या वेळी सुखी असणं हे आमच्याकडे कामचुकारपणात मोजलं जायचं.

आईने तो खेळ कधी उभं राहून पाहिला नाही, पण तिला भिंतीतून सगळं कळायचं. बॉलवर बॉल आपटल्याच्या आवाजावरून ती सांगायची की आत कोण आहे. "हा नुसता बडवून राह्यला, बँकेतला असन," किंवा "हे हळू मारते, हे माही पोट्टी." मी चांगला खेळले की ती भिंतीवर लाटणं वाजवायची. तिचं कौतुक एवढंच. लाटणं दोनदा वाजलं तर मात्र भाजी चिरायला बोलावलं आहे असं समजायचं.

आता स्पर्धेबद्दल. दरवर्षी दिवाळी उलटून कापूस वेचणीला आला की आमच्या त्या खोलीत 'अखिल भारतीय व्यावसायिक पूल स्पर्धा (पुरुष व महिला)' भरायची. एवढं सगळं एका फलकावर मावत नसे, म्हणून फलक दोन होते. 'अखिल भारतीय' यासाठी, की एका वर्षी आदिलाबादहून एक जण आला होता. तो खरं तर बहिणीला भेटायला आला होता. 'व्यावसायिक' यासाठी, की भाग घेणाऱ्या प्रत्येकाचा काही ना काही व्यवसाय होता. कुणाचं खताचं दुकान, कुणाची पंक्चरची टपरी. आणि 'महिला' हा शब्द फलकावर यासाठी होता, की राज्य संघटनेच्या पत्रात लिहिलं होतं, महिला गट असल्याशिवाय स्पर्धेला मान्यता मिळणार नाही. स्पर्धेचे अध्यक्ष कोण, हे सांगायची गरज नाही. टेबल त्यांच्या ट्रकमधी आलं होतं.

मान्यतेसाठी महिला हवी, तर भाऊसाहेबांनी घरातूनच एक आणली. त्यांच्या पत्नीला सगळं गाव वहिनी म्हणायचं. वहिनी सलग तीन वर्षं महिला गटाच्या विजेत्या होत्या, कारण त्या एकट्याच होत्या. त्यांचा सामना असा व्हायचा: नारळ फुटायचा, वहिनी पदर खोचून टेबलापाशी यायच्या, भाऊसाहेब मागून त्यांच्या हातातली स्टिक धरायचे, दोघं मिळून एक बॉल ढकलायचे, टाळ्या व्हायच्या आणि वहिनींना कुकर मिळायचा. विजेतीला राज्य स्पर्धेत थेट प्रवेश असे. तिन्ही वर्षी वहिनींना तसं पत्र आलं आणि तिन्ही वर्षी त्यांच्याकडे नेमकं कुणाचं तरी बारसं निघालं. मी त्या वेळी काय करत होते? मी चहा देत होते. यजमानाच्या घरच्या मुलीने आपल्याच टेबलावर खेळणं बरं दिसत नाही, असा नियम भाऊसाहेबांनी काढला होता. त्या पत्रांपैकी एक चहाच्या ट्रेखाली महिनाभर होतं. मी ते इतक्या वेळा वाचलं की आजही मला त्यातला जावक क्रमांक आठवतो. वणीच्या बाहेर, कुणाची लेक म्हणून नाही, कुणाची बायको म्हणून नाही, खेळायला म्हणून जायचं, एवढं एकच मला त्या वयात हवं होतं.

भाऊसाहेबांना नियम काढण्याची हौस होती. आमच्या खोलीच्या भिंतीवर त्यांनी पेंटरकडून लाल अक्षरांत लिहून घेतलेली एक ओळ होती: 'ब्लास्टिंगने काळा बॉल पडल्यास, ज्याचा चान्स त्याची फ्रेम.' ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एकाचे साध्या रंगाचे सात बॉल, दुसऱ्याचे पट्ट्यांचे सात. आपले सात आधी टेबलाच्या कडेच्या भोकांत, म्हणजे पॉकेटांत, घालवायचे आणि मग शेवटी काळा. आपले बाकी असताना काळा पडला तर फ्रेम गेली, म्हणजे तो डाव हरला. हा जगभरचा नियम. पण एका वर्षी पुरुषांच्या अंतिम सामन्यात भाऊसाहेबांचा चान्स असताना, त्यांचे तीन बॉल शिल्लक असताना, ब्लास्टिंग झालं आणि काळा आपोआप पॉकेटात पडला. नियमाने ते हरले होते. त्यावर त्यांनी सांगितलं की पृथ्वीनेच त्यांच्या वतीने शॉट मारला, आणि दुसऱ्या दिवशी पेंटर बोलावला. ती ढाल त्यांच्या दिवाणखान्यात होती.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते त्या वर्षी, स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी, आमच्या दारात एक बाई उभी राहिली. तिशीची, सलवार-कमीज, पाठीला सॅक आणि खांद्यावर एक लांबट काळी पेटी. रस्त्यावरची चार माणसं तिच्या मागे आली होती, कारण पेटीत बंदूक आहे की सनई यावर त्यांची पैज लागली होती. तिने फलकाकडे बोट दाखवून विचारलं, "महिला गट इथेच ना? मी नाशिकहून आले. रेशमा."

बाबांनी तिला खुर्ची दिली आणि स्वतः कुठे बसावं हे न सुचून उभेच राहिले. एवढ्या वर्षांत फलक वाचून कुणी आलं नव्हतं. लॉजवर एकट्या बाईला खोली द्यायला तयार नव्हते, म्हणून रेशमाताई आमच्याचकडे उतरल्या. आईने वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी वाढली. ताई पाटावर मांडी घालून जेवल्या आणि म्हणाल्या, "संघटनेच्या यादीत महिला गट लिहिलेलं दिसलं की मी गाडी पकडते. बहुतेक ठिकाणी पोहोचल्यावर कळतं की गट म्हणजे नुसता शब्द आहे. मग चहा पाजून परत पाठवतात. पण मला राज्य स्पर्धेला जायचंय, आणि तिथे जायला कुठेतरी जिंकावं लागतं."

"मंग नवरा काय म्हन्ते?" आईने विचारलं.

"नवरा नाहीये."

"बरं आहे बाप्पा," आई म्हणाली आणि ताईंच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. या वाक्याची मी पुढे माझ्या लग्नाच्या वेळी तिला आठवण करून दिली, पण तिला आठवलं नाही.

जेवणाआधी ताईंनी तासभर सराव केला होता. पेटीतून दोन तुकड्यांची स्टिक निघाली, ती त्यांनी फिरवून जोडली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला खरं खेळताना पाहिलं. त्या हळू मारायच्या. बॉल त्यांचं ऐकायचे. फक्त लांबचा बॉल जाता जाता भिंतीकडे कलायचा, कारण त्या दिवशीच्या ब्लास्टिंगने टेबल बसलं होतं. ताई थांबून बघायच्या आणि पुढच्या वेळी तेवढं मोजून मारायच्या. मला लाज वाटली. पाहुण्याला खड्यांचा भात वाढल्यासारखं वाटलं. भाऊसाहेब दारात उभे राहून हे बघत होते. ताई हातपाय धुवायला आत गेल्या तसे ते बाबांकडे वळले.

"देविदास, हे बाई तं सगळ्यायले गुंडाळून जाईन. कुकरही नेईन अन् राज्यालेही जाईन. कुंदाले उतरव महिला गटात."

बाबा चाचरले. "ते घरची पोट्टी आहे भाऊसाहेब. तिनं खेळाचं नाही, हे तुमीच म्हणलं होतं."

"आता मीच म्हून राह्यलो खेळू दे. तालुक्याच्या इज्जतीचा सवाल आहे. अन् एक करा. उद्या सकाळी टेबलाले हात लावाचा नाही. जसं आहे तसं राहू द्या. पोट्टीले तो उतार तोंडपाठ आहे. त्या बाईले एका तासात काय समजते?"

टेबल कुणाच्या ट्रकमधून आलं, हे त्यांनी त्या दिवशी म्हटलं नाही. तशी गरजच नव्हती. बाबांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "कुंदा, उद्या पत्रिका लावू नको."

माझं काय झालं ते मी खरं सांगते. मला आनंद झाला. इतकी वर्षं चहाचा ट्रे धरून उभी असलेली मी, मला खेळायला मिळणार होतं, आणि जिंकले तर ते पत्र माझ्या नावाने येणार होतं. आणि जिंकणं अवघड नव्हतं. त्या उताराचा एकेक इंच मला माहीत होता. टेबल वाकडं ठेवून मी ताईंना काय, कुणालाही नाचवलं असतं. फक्त बाबांनी ते तोंडाने सांगायला नको होतं. नटबोल्ट मोजताना एक कमी भरला तर जेवण सोडणारा माणूस, आणि त्याने मला सांगावं की टेबल वाकडं ठेव. त्याचा राग मी फार वर्षं मनात ठेवला.

पहाटे पाचला मी उठले. प्रामाणिकपणा वगैरे मोठे शब्द मी वापरणार नाही. ते भाषणवाल्यांना लागतात. मी उठले कारण ही बाई नाशिकला जाऊन सांगेल की वणीचं टेबल वाकडं होतं, आणि ते टेबल माझं होतं. जॅक लावला, एक पत्रिका सरकवली. पाणी अजून भिंतीकडे टेकत होतं. आणखी अर्धी सरकवली. गिलास पुन्हा काठोकाठ भरून मधोमध ठेवला आणि खाली वाकून बघितलं. पाणी कुठल्याच बाजूला टेकत नव्हतं. तेवढ्यात आईचं लाटणं दोनदा वाजलं. दोनशे आलूबोंड्यांचे बटाटे सोलायचे होते. मी आत पळाले, आणि गिलास टेबलावरच राहिला. सहाच्या सुमाराला आठवण झाली तेव्हा धावत आले, तर गिलास नव्हता. कापडावर फक्त त्याच्या बुडाची ओली गोल खूण होती. आईने नेला असेल असं मी समजले. खूण वाळेपर्यंत तिच्यावर मी खडूचा डबा ठेवून दिला.

दहाला उपांत्य सामना झाला, वहिनी विरुद्ध रेशमाताई, एकच फ्रेम. आज मागून स्टिक धरायला भाऊसाहेब आले तर ताईंनी नम्रपणे विचारलं, "हे दोघं मिळून एक आहेत का?" भाऊसाहेब खुर्चीवर जाऊन बसले. ताईंचा पहिलाच लांबचा बॉल चुकला. ज्या बाजूला कलेल म्हणून त्यांनी मोजून मारला होता, तिकडे तो कललाच नाही. त्यांनी टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी आलूबोंड्यांच्या परातीकडे बघितलं. पुढे त्यांनी वहिनींना दुसरा चान्स दिला नाही. वहिनी खुर्चीत बसता बसता माझ्या कानात म्हणाल्या, "सुटली बाई. घरात तीन कुकर आहेत, चौथा कुठं ठेवू?"

तिघीच असल्यामुळे मी थेट अंतिम फेरीत होते, आणि तो सामना अकराला होता. पाच फ्रेम आधी जिंकेल ती विजेती. पण प्रमुख पाहुणे दीडला आले. मग त्यांचा सत्कार झाला, त्यांनी भाऊसाहेबांचा केला, भाऊसाहेबांनी पुन्हा त्यांचा केला. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की पोहण्याच्या खेळात महिला मागे राहू नयेत. कुणीतरी कानात काहीतरी सांगितल्यावर ते थोडं थांबले आणि म्हणाले की या तलावात सुद्धा. या सगळ्यामुळे आम्ही टेबलाशी उभ्या राहिलो तेव्हा दोन वाजायला आले होते.

पहिल्या दोन फ्रेम मी जिंकले. ताईंचा हात अजून उतार मोजत होता आणि उतार तर नव्हता. भिंतीपलीकडे लाटणं एकदा वाजलं. मग ताई सावरल्या आणि त्यांनी तीन घेतल्या. मी एक घेतली, त्यांनी एक, मी आणखी एक. चार-चार. खोलीत माणूस मावत नव्हता. खिडकीच्या गजांना पोरं लटकली होती. बाबा पंच होते. ते भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्या हातातला चहा केव्हाच गार झाला होता. शेवटच्या फ्रेममध्ये माझे सातही बॉल गेले, आणि मी काळा मारला. तो रस्त्याकडच्या कोपऱ्यातल्या पॉकेटाच्या अगदी ओठावर जाऊन थांबला. अजून एक वाळूचा कण पुरला असता. ताईंचा पट्ट्यांचा एकच बॉल उरला होता, पण तो अवघड जागी, लांबच्या कडेला चिकटलेला. तो चुकला की मला फक्त काळ्याला हात लावायचा होता. माझ्या डोळ्यांपुढे ते पत्र आलं, जावक क्रमांकासकट.

ताई वाकल्या. स्टिक मागे गेली. आणि भोंगा वाजला.

आमच्या खोलीत भोंगा वाजला की सगळे स्टिक वर उचलतात. लहान मूलसुद्धा उचलतं. ताई संध्याकाळी आल्या होत्या, त्यांना काय माहीत? त्यांना वाटलं असेल, कुठल्या गिरणीची पाळी सुटली. त्या तशाच वाकलेल्या होत्या, आणि मला माहीत होतं की आता हादरा येणार आणि त्यांचा हात हलणार. खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघून डोळे मिटले. कुणी बोललं नाही. मी ओरडले, "ताई, थांबा! ब्लास्टिंग आहे."

ताई सरळ झाल्या. जमीन हादरली, आत भांडी वाजली, आणि ओठावरचा तो काळा बॉल, जणू त्याला आत्ताच आठवण झाली, पॉकेटात पडला.

 मग भाऊसाहेब उभे राहिले. "काळा पडला! त्या बाईचा बॉल बाकी होता. फ्रेम कुंदाची! वणी जिंकली!" टाळ्यासुद्धा सुरू झाल्या. बाबांनी चहाचा कप खिडकीत ठेवला, चालत भिंतीपाशी गेले आणि लाल अक्षरांवर बोट ठेवून ती ओळ मोठ्याने वाचली. पहिलीतला मुलगा वाचतो तशी, एकेक शब्द सुटा. "ब्लास्टिंगने. काळा बॉल. पडल्यास. ज्याचा चान्स. त्याची फ्रेम." मग म्हणाले, "चान्स रेशमाबाईचा होता."

"अरे, तो नियम पुरुषांचा आहे!" भाऊसाहेब म्हणाले.

"असं लिहेल नाही," बाबा म्हणाले. "अन् हा नियम खोटा असन तं तुमच्या घरची ढाल वापस द्या लागन."

भाऊसाहेब बसले. ते पुढे आमच्या घरी आले नाहीत, आणि टेबल कुणाच्या ट्रकमधून आलं हे त्यानंतर कुणी ऐकवलं नाही. मी हरले होते. मी हसत टाळ्या वाजवल्या, मग मागच्या अंगणात जाऊन पाण्याच्या टाक्याआड बसून मोठ्याने रडले. नुसतं हरले म्हणून नाही. तो बॉल रस्त्याच्या बाजूला होता. टेबल भिंतीकडे उतरतं राहिलं असतं तर तो तिथून पडलाच नसता, हे मला कळत होतं, आणि कुणालाही सांगता येत नव्हतं. आई आली, माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "कायले बोंबलली वो तू? दोन मिनिटं चूप राह्यली असती तं कुकर घरात होता."

आता खेळांच्या गोष्टींमध्ये असं होतं, की जिंकलेली मोठ्या मनाची असते आणि बक्षीस हरलेलीला देऊन टाकते. रेशमाताई व्यावसायिक होत्या. त्यांनी ढाल घेतली, पत्र घेतलं आणि कुकरही घेतला. तो मी एसटी स्टँडपर्यंत उचलून नेला. नागपूरची गाडी लागायची होती. ताई म्हणाल्या, "टेबल तू सरळ केलंस ना सकाळी?"

मी मान हलवली.

"शहाणी आहेस. काल मी पडल्या पडल्या तो सगळा उतार पाठ केला होता. वाकड्या टेबलावर तुला पाच-शून्य मारलं असतं." गाडी लागली. त्या चढल्या, मी कुकर वर दिला. खिडकीतून त्यांनी सांगितलं, "राज्य स्पर्धेला टेबलं नीट लावणारं कुणी नसतं. मी सांगते त्यांना. येशील?"

मी गेले. आणि मग जातच राहिले. या पंचवीस-तीस वर्षांत मी जिथे जिथे स्पर्धा असते तिथे तिथे जाऊन टेबलं लावली. आता माझ्याकडे परदेशी बनावटीचं, बुडबुड्याचं, सही सही माप दाखवणारं यंत्र आहे. तरी ते बघून झालं की मी गिलास ठेवते. उत्तम खेळाडू माझ्या टेबलांवर खेळून गेले, आणि त्यांतल्या एकालाही माझं नाव माहीत नाही, कारण टेबल सरळ असलं की ते कुणी केलं हे कुणी विचारत नाही. लोक मला सांगतात की हेही खेळाची सेवाच आहे. असेल. मला खेळायला जायचं होतं.

गेल्या वर्षी मी घरी गेले होते. बाबांनी आता ऐंशी ओलांडली आहे. ते त्याच खोलीत झोपतात, टेबलाच्या शेजारी खाट टाकून. टेबलावर प्लास्टिक टाकून आई कुरडया वाळवते. खाण पुढे सरकली, भोंगा आता लांबून येतो. दुपारी मी बाबांच्या पायाला तेल लावत होते, तर ते एकदम म्हणाले, "कुंदा, त्या दिवशी तू टेबल सरळ कराले कितीक वाजता उठलती?"

माझा हात थांबला. "पाचला. काहून?"

"मी साडेपाचाले उठलतो. गिलास भरून आणला, खिशात पत्रिका. पाहतो तं टेबलावर पयलेच एक गिलास. काठोकाठ. पाणी कोण्याच बाजूले टेकेल नव्हतं."

"मग?"

"मंग काय. तुह्या गिलासातलं पाणी पेलो, दोन्ही गिलास मोरीत ठेवले अन् आंगोळीले गेलो."

मी पायाला तेल लावत राहिले. एवढी वर्षं मी त्या माणसावर राग धरला होता, आणि त्याने ते पाणी पिऊन टाकलं होतं. मग मी उठले, कुरडयांचं प्लास्टिक बाजूला केलं, स्वयंपाकघरातून गिलास भरून आणला आणि मधोमध ठेवला. बाबा खाटेवर कोपर टेकून उठले आणि वाकून बघायला लागले. पाणी भिंतीकडच्या काठाला टेकलं होतं.

"पत्रिका पाह्य वो घरात एखादी," ते म्हणाले.

घरात एकही नव्हती, सगळी लग्नं आईच्या फोनमध्ये होती. पण माझ्या पिशवीत असतात. मी जॅक आणायला अंगणात गेले.